बाबा १४ वर्षं प्रभुभोजन घेत नाहीत. मनातून होत नसेल तर क्षमा करायची कशी?

नगरची_लेक

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज लिहायला बसले कारण घरात कोणाशी बोलता येत नाहीये. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर), पणजोबांपासून ख्रिस्ती. बाबा मास्तर होते, आता ७६ वर्षांचे आहेत. त्यांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, ते ८१. १९९५ साली आजोबा गेल्यावर तात्यांनी वारसनोंदीचे कागद म्हणून बाबांच्या सह्या घेतल्या आणि त्यातलं एक हक्कसोडपत्र निघालं. फेरफार होऊन सातबारा हातात आला तेव्हा कळलं. साडेतीन एकर आणि विहिरीतला हिस्सा गेला. बाबांनी कोर्ट केलं नाही कारण आजी म्हणाली मी आहे तोवर भावाभावांनी कोर्टाची पायरी चढायची नाही. आजी तात्यांकडेच राहायची. २०११ मध्ये ती गेली तेव्हा आम्हाला शहरात निरोप आला तो तिची माती झाल्यावर.

त्यानंतर बाबांनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत उपासनेत घेतात ती भाकर आणि द्राक्षरस, घेतलेलं नाही. उपासना चुकवत नाहीत, तबक समोर आलं की शेजारच्याकडे सरकवतात. बायबलात मत्तय ५ मध्ये आहे ना, वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर. बाबा म्हणतात मला तर दर रविवारी आठवतं.

आता तात्यांना पॅरालिसिसचा झटका आलाय, एक बाजू गेली, बोलणं जड झालंय पण कळतं सगळं. चुलतभावाचा फोन आला, तात्या बाबांना बोलवतायत. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सगळे म्हणतायत जा, क्षमा करून टाका, मोकळे व्हा. बाबा म्हणाले "तोंडाने म्हणेन गं, पण मनात नाही, मग ते खोटं कसं बोलू, तेही मरणाऱ्या माणसाशी?" मला यावर उत्तर सुचलं नाही. कोणाला सुचत असेल तर लिहा प्लीज.

वसईकर_मी

ताई, वाचून गलबलून आलं. आम्ही कॅथलिक, वसईचे. आमच्या घरी आई रोज दुपारी ३ वाजता डिव्हाइन मर्सीची (देवाच्या दयेची) माळ म्हणते, कारण प्रभूने प्राण सोडला ती वेळ. तुम्ही तो फोटो पाहिला असेल, येशूच्या छातीतून दोन किरण निघतात, एक लाल एक फिकट, म्हणजे रक्त आणि पाणी, आणि खाली "येशू, मी तुझ्यावर भरवसा ठेवतो" असं. पोलंडच्या सिस्टर फाउस्तिना यांना १९३१ साली हे दर्शन झालं. साधी नन होती ती, कॉन्व्हेंटमध्ये स्वैपाक, बागकाम, दार उघडायचं काम करायची, ३३ व्या वर्षी १९३८ मध्ये वारली. पुढे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली तिला संत जाहीर केलं आणि ईस्टरनंतरचा रविवार दयेचा रविवार म्हणून सगळ्या चर्चला दिला.

हे सांगायचं कारण, त्या फोटोखालचं वाक्य बघा. "मी क्षमा करतो" असं नाही लिहिलेलं तिथे, "मी भरवसा ठेवतो" असं आहे. म्हणजे माझ्याकडे नसेल तर त्याच्याकडून घेईन. बाबांना सांगा की मनात नाही हे खोटं न बोलता देवालाच सांगा, तीच प्रार्थना आहे.

आणि त्याच पोपला १९८१ च्या १३ मे रोजी सेंट पीटर्स चौकात गोळ्या घातल्या, त्यांनी चार दिवसांत मारेकऱ्याला माफ केलं म्हणून सांगितलं आणि १९८३ च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. काय बोलले ते दोघांतच राहिलं.

पाऊलवाट

मला इथे थोडं कडू लिहावं लागेल, कोणाचा विश्वास दुखवायचा नाहीये, माझाही तोच विश्वास आहे.

माझा नवरा मारायचा. ९ वर्षं. दर वेळी मंडळीतले वडीलधारे यायचे, आम्हाला दोघांना गुडघ्यावर बसवायचे, साताच्या सत्तर वेळा क्षमा कर हे वचन वाचायचे आणि मला विचारायचे "बाई क्षमा केली ना?" मी हो म्हणायचे. त्याला कोणी कधी विचारलं नाही की तू थांबणार आहेस का. शेवटी कानाचा पडदा फाटला तेव्हा माहेरी आले. त्या दिवसापासून मला "क्षमा करून टाका" मधलं ते "टाका" सहन होत नाही. टाकायला तो कचरा आहे का?

म्हणून ताई, बाबांना घाई करू नका. तुमचे बाबा खोटं बोलत नाहीत हीच मला त्यांची भक्ती वाटते. लूक १७ मध्ये प्रभूने स्पष्ट सांगितलंय, भावाने अपराध केला तर आधी त्याला दोष दाखव आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दोष दाखवायची पायरी आपल्या मंडळ्यांत सगळे गाळतात, विशेषतः ऐकणारी बाई असली की.

मस्कतकर

पाऊलवाट ताई, तुमचं वाचून थांबलो. नाईट शिफ्टला आहे, नीट लिहू शकत नाही. एवढंच की तुम्ही निघून आलात ते बरं केलंत.

खतावणी

मी ३४ वर्षं बँकेत काढली आणि २० वर्षं पुण्यात संडे स्कूल घेतली, त्यामुळे मला मत्तय १८ आकड्यांत दिसतं. पेत्र हा शिष्य विचारतो सात वेळा क्षमा करू का, प्रभू म्हणतो साताच्या सत्तर वेळा, आणि लगेच ती राजाची गोष्ट सांगतो. एका चाकराकडे राजाचे १०,००० तालांत येणं असतं, त्याच चाकराचे दुसऱ्याकडे १०० दीनार.

आता हिशेब करा. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार. म्हणजे १०,००० तालांत झाले ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं. तो बिचारा म्हणतो मला वागवून घ्या, मी सगळं फेडीन. कुठून फेडणार? राजाला कळवळा येतो आणि तो सगळं सोडतो. ही झाली देवाची दया.

पण आम्हाला लहानपणी असं शिकवलं की दुसरं कर्ज क्षुल्लक होतं, चार आण्यांचं. ते चूक आहे. १०० दीनार म्हणजे १०० दिवसांची मजुरी, चार महिन्यांचं घर. आजच्या ५०० रुपये रोजाने ५०,००० रुपये. शेतमजुराला ५०,००० म्हणजे मामुली आहेत का? येशू हे कुठेही म्हणत नाही की तुझं नुकसान झालंच नाही. नुकसान खरं आहे, मोजता येतं, दुखतं. ते ६ कोटींसमोर ठेवून बघ एवढंच तो म्हणतो.

अजून एक. गोष्टीची सुरुवातच अशी आहे की राजाला चाकरांकडून हिशेब घ्यायचा होता. आधी खातं उघडलं, येणं किती ते मोठ्याने वाचलं, मग सोडलं. न वाचता कर्ज सोडता येत नाही हो, बँकेतही येत नाही. किती सोडलं तेच माहीत नसेल तर ते नुसतं विसरणं झालं. ताई, तुमच्या बाबांना आजवर कोणी ते खातं वाचू दिलंय का?

नगरची_लेक

खतावणी काका, हे मी दोनदा वाचलं. नाही वाचू दिलं कोणी. आम्हीपण नाही. विषय निघाला की आई म्हणायची जेवताना नको.

सह्यवाट

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, पण हा धागा सोडवत नाहीये. एक शंका मनापासून विचारतो. देवाने तात्यांना माफ केलं समजा, त्यांनी रात्री प्रार्थना केली आणि त्यांना शांत झोप लागली. पण जमीन तर बाबांची गेली, आणि ती आजी. देवाने बाबांच्या वतीने परस्पर माफ करणं हा बाबांवर अन्याय नाही का?

आणि दुसरं, खतावणी काकांनी "कळवळा" लिहिलंय तो शब्द खरंच तुमच्या बायबलमध्ये आहे का? कारण आमच्याकडे तो माउलीसाठी वापरतात, लेकरासाठी आईच्या पोटात होतं ते.

जुनी_घंटा

मी निवृत्त पाळक (पास्टर). सह्यवाट, दुसरी शंका आधी घेतो कारण तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. उधळ्या पुत्राच्या, म्हणजे वाटणी उडवून घरी परतणाऱ्या मुलाच्या गोष्टीत मराठीत तोच शब्द आहे, मुलगा दूर आहे तोच बापाने त्याला पाहिलं आणि त्याला त्याचा कळवळा आला. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलाय, आपण आतडं तुटणं म्हणतो ना तसा. आणि जुन्या करारात दयेसाठी जो इब्री (हिब्रू) शब्द येतो, रहमीम, त्याचा धागा रेहेम या शब्दाशी आहे, रेहेम म्हणजे गर्भाशय. तेव्हा तुमची माउली आणि आमचा बाप यांचं पोट एकाच जागी दुखतं असं मी म्हणेन.

पहिली शंका कठीण आहे आणि ती बरोबरही आहे. बायबलमधला देव बाबांच्या डोक्यावरून परस्पर माफी देऊन मोकळा होत नाही. जक्कयाची गोष्ट बघा, जकातदारांचा मुख्य होता, प्रभू त्याच्या घरी उतरला आणि तो उभा राहून म्हणाला मी कोणाला फसवून काही घेतलं असेल तर चौपट परत देतो. दया आधी घरात आली, जेवायला बसली, आणि मग त्याचा हात खिशात गेला. लेवीय २५ मध्ये योबेल वर्ष आहे, ५० व्या वर्षी शिंगं फुंकायची आणि विकलेली जमीन ज्या कुळाची त्या कुळाला परत. सातबाऱ्याची काळजी करणारा देव आहे हा. आम्ही पाळकांनी हे पुरेसं सांगितलं नाही आणि पाऊलवाट ताईंनी लिहिलंय तसल्या घरांत मीही गुडघ्यावर बसवलं आहे लोकांना. तुमची ओळख नाही ताई, पण मला त्याचं फार वाईट वाटतं. मी तेव्हा समेटाला क्षमा समजत होतो.

दोन्ही वेगळ्या आहेत. उत्पत्ती ३३ वाचा. याकोबाने भावाचा आशीर्वाद लबाडीने घेतलेला, २० वर्षांनी परत येतो तर एसाव ४०० माणसं घेऊन समोर. याकोब घाबरून सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो, एसाव धावत येऊन गळ्यात पडतो, दोघं रडतात. इथवर सगळ्यांना माहीत आहे. पुढचं कोणी वाचत नाही. एसाव म्हणतो चल माझ्याबरोबर, याकोब म्हणतो तू हो पुढे, आणि तो सेईरला, एसावाच्या मुलखात, जातच नाही, सुक्कोथला घर बांधतो. गळ्यात पडले, पण संसार वेगळे ठेवले, आणि बायबल त्याला कुठे नावं ठेवत नाही. मग ३५ व्या अध्यायाच्या शेवटी बाप मरतो आणि तिथे लिहिलंय की त्याला त्याच्या दोघा मुलांनी, एसाव आणि याकोबाने, मूठमाती दिली.

ताई, तुमच्या बाबांना ती मूठमाती मिळाली नाही. जमीन नंतर. मला वाटतं गाठ तिथे आहे.

नगरची_लेक

काका, रडतेय. हो. जमिनीचं बाबा कधी बोलतच नाहीत. आजीचं बोलतात.

पाऊलवाट

जुनी_घंटा काका, तुमचं ते एक वाक्य मला १५ वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. आज एवढंच लिहिते.

वसईकर_मी

मी घाईत लिहिलं होतं आधी, आता कळतंय. आमच्याकडे कन्फेशनमध्येसुद्धा तसंच आहे खरं तर. चोरीचं पाप सांगितलं तर फादर परत करायला सांगतात, नुसत्या प्रार्थना म्हणून सुटका नाही.

पण एक गोष्ट सांगू देत, कारण ती भारतातली आहे आणि कर्जाचीच आहे. सिस्टर राणी मारिया, केरळच्या, मध्य प्रदेशात उदयनगरला काम करायच्या, शेतमजुरांना सावकारांच्या तावडीतून सोडवायच्या. त्यामुळे खवळलेल्या लोकांनी समंदर सिंग नावाच्या तरुणाला पुढे केलं आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरच्या वाटेवर बस थांबवून त्याने त्यांना भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण, तीही नन, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ मध्ये जेलमध्ये गेली आणि त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी घरच्यांनीच अर्ज केले, २००६ मध्ये तो सुटला, केरळला त्यांच्या घरी गेला तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातात घेऊन चुंबन घेतलं, म्हणाली या हातांवर माझ्या मुलीचं रक्त आहे. तारखा बघा, १९९५ ते २००२. मधली सात वर्षं आहेत. ती राखी दुसऱ्या दिवशी नाही बांधली कोणी. २०१७ मध्ये इंदूरला सिस्टर राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा समंदर सिंग तिथे होता.

सह्यवाट

ही राखीची गोष्ट मला माहीत नव्हती. आमच्यातलीच राखी तिकडे अशी गेली. आज घरी वाचून दाखवणार आहे.

जुनी_घंटा

राणी मारियांच्या घरच्यांनी सुटकेसाठी अर्ज केला. ग्लॅडिस स्टेन्स यांनी दुसरं केलं, तेही सांगायला हवं. जानेवारी १९९९, ओडिशातलं मनोहरपूर, नवरा ग्रॅहम आणि दोन मुलं, फिलिप १० वर्षांचा, टिमोथी ६ वर्षांचा, जीपमध्ये झोपलेले असताना जाळले. त्या बाईंनी मी क्षमा केली म्हणून सांगितलं आणि कायदा त्याचं काम करेल असंही सांगितलं. दोन्ही. खटला चालला, शिक्षा झाली. आणि त्या लेक एस्थरला घेऊन बारीपदाला कुष्ठरोग्यांमध्ये २००४ पर्यंत राहिल्या. मी त्या वर्षी उपदेशात त्यांचं नाव घेताना व्यासपीठावर थांबलो होतो, पुढचं वाक्य येईना.

तेव्हा क्षमा केली म्हणजे हक्कसोडपत्राचं विचारायचं नाही असं बाबांनी मानू नये. एकदा कागदावरून फसले आहेत ते, वचनाच्या नावाने पुन्हा फसू नयेत.

खतावणी

ताई, अजून एक सांगून थांबतो. आपण मराठी प्रॉटेस्टंट लोक प्रभूची प्रार्थना म्हणतो त्यात "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड" असं आहे. येशू बोलायचा त्या अरामी भाषेत होबा हा एकच शब्द, कर्ज पण तोच आणि पाप पण तोच. म्हणून म्हणतो, बाबांना एक वही द्या. येणं लिहून काढू दे त्यांना, सगळं, मनाला येईल ते. सोडायचं की नाही ते मग बघू. आधी लिहू दे.

नगरची_लेक

(१९ दिवसांनी)

उशीर झाला, माफ करा. वही दिली होती. बाबांनी शाळेच्या फळ्यावर लिहायचे तशा अक्षरात साडेचार पानं लिहिली. वर तारीख, मग एकेक ओळ. साडेतीन एकर. विहीर. दोन बैल. आजोबांचं घड्याळ. माझ्या लग्नात तात्या आले नाहीत ते. कोणीतरी "तुझे भाऊ कसे आहेत" विचारलं की ठीक म्हणायला लागायचं ते. शेवटची ओळ, आईची माती.

मग म्हणाले चल. गेलो गावी. तात्या खाटेवर, तोंड वाकडं झालेलं, बाबांना बघून उजवा हात उचलला. बाबांनी तो धरला नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले "दादा, मी वाचतो, तू ऐक." आणि वाचलं सगळं. चुलतभाऊ मध्ये बोलायला गेला, तात्यांनीच त्याला खुणेने गप्प केलं. बैलांच्या ओळीला त्यांनी मान हलवली. घड्याळाच्या ओळीला डोळ्यांतून पाणी. शेवटच्या ओळीपर्यंत बाबांचा आवाज अजिबात हलला नाही, मी त्यांना एवढं स्थिर कधी पाहिलं नव्हतं.

वही मिटल्यावर तात्या काहीतरी म्हणाले ते कळेना. पुन्हा म्हणाले, "एक राह्यलं." मग तुकड्या तुकड्यात सांगितलं. आजी शेवटचे ८ दिवस रोज बाबांचं नाव घेत होती, बोलावून आण म्हणत होती. त्यांनी निरोप धाडला नाही. बाबा आले तर ती दोघांना समोर बसवून जमिनीचं विचारेल म्हणून.

बाबा उठले आणि बाहेर गेले. गाडीत बसले, म्हणाले घरी चल. ४० किलोमीटर एक शब्द नाही. मला वाटलं मीच चूक केली, इथे विचारलं ती, वही दिली ती.

तीन दिवस वही टेबलावर होती. चौथ्या दिवशी बघितलं तर शेवटच्या ओळीखाली एक नवी ओळ आहे, "आईने बोलावलं होतं." एवढीच. त्याच दुपारी एकटेच एसटीने गावी गेले. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चुलतभाऊ फोनवर म्हणाला काका आले, दादांना पेज भरवली, संध्याकाळच्या गाडीने गेले. त्यानंतर अजून दोनदा जाऊन आलेत. जमिनीचं चुलतभावाने स्वतःहून काढलंय, वकिलाकडे जायचं म्हणतोय, बघू.

वही फाडलेली नाही. कपाटात शास्त्राशेजारी ठेवलीय.

येत्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन आहे. घेणार का ते बोलले नाहीत. आज सकाळी म्हणाले काळा कोट इस्त्रीला टाक.